ड्रग कोर्ट: व्यसनी माणसाला तुरुंग की उपचार?

रानवारा:
अमेरिकेत १९८९ ला मायामीत पहिलं ड्रग कोर्ट सुरू झालं, तेव्हा क्रॅक कोकेनच्या केसेसनी तुरुंग भरलेले आणि तीच तीच माणसं परत परत आत येत होती. आता हजारो कोर्टं आहेत. वर्ष-दीड वर्ष उपचार, ठरलेल्या दिवशी जजसमोर हजेरी, आणि सगळं नीट पार पाडलं की केस रद्द किंवा शिक्षा माफ. मला हे शंभर टक्के पटतं, कारण तुरुंगात शरीराची सवय मोडते पण ओढ तशीच राहते, मग बाहेर आलेला माणूस जुनाच डोस घेतो आणि जातो. वॉशिंग्टन राज्यातून सुटलेल्या कैद्यांवर २००७ चा अभ्यास आहे, पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरायचा धोका इतरांच्या १२९ पट!

खडूमास्तर:
आणि नशेच्या पैशासाठी ज्याच्या घरी चोरी झाली त्याचं काय? ओरेगॉन राज्याने २०२० मध्ये थोडेसे ड्रग्ज जवळ बाळगणं गुन्ह्यातून काढलं आणि २०२४ ला परत गुन्हा केलं. लाड केले की हेच होतं.

रानवारा:
मास्तर, तिथे नुसती १०० डॉलरची पावती फाडायचे, पुढे विचारणारं कोणी नाही. ड्रग कोर्टात मानेवर शिक्षा टांगलेली असते. बऱ्याच ठिकाणी प्रत्येकाला एक रंग ठरवून दिलेला, रोज सकाळी फोन करायचा, आपला रंग पुकारला की त्याच दिवशी जाऊन लघवीचा नमुना द्यायचा, तोही कोणीतरी समोर उभं राहून बघत असताना. याला लाड म्हणता?

सायली_के:
माझा विरोध नेमका यालाच आहे. घसरणं हा या आजाराचाच भाग, आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली की चार दिवस कोठडी? कित्येक कोर्टांत आधी गुन्हा कबूल करावा लागतो, म्हणजे मधेच फेल झालात तर खटला लढायचा हक्कही गेलेला. कितीतरी जजनी लोकांची मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन ही हेरॉइनसारख्या नशेची ओढ कमी करणारी औषधं बंद करायला लावली, तेही डॉक्टर बंद करू नका म्हणत असताना. शेवटी २०१५ पासून केंद्राचा निधी हवा तर ही औषधं नाकारायची नाहीत अशी अट आली.

रानवारा:
औषधाचा निर्णय डॉक्टरचाच हवा, तिथे तुमच्याशी वाद नाही. पण कोर्टाचा धाक नसेल तर पहिल्या महिन्यातच किती जण उपचार सोडून जातील?

सायली_के:
आणि ज्यांना स्वतःहून उपचार हवेत ते वेटिंग लिस्टवर! बेड मिळायला आधी अटक व्हावी लागते ही कसली व्यवस्था?

खडूमास्तर:
नुकसानभरपाई भरल्याशिवाय केस मिटणार नाही असं सगळीकडे करा, मग माझी हरकत नाही.