बोट ठरवण्याआधी धक्का बघा

दादा: सगळ्यांनी इकडे लक्ष द्या. आपल्या क्रूझच्या सहलीसाठी शेवटी दोनच बोटी उरल्यात. एमएससी वर्ल्ड युरोपा आणि सेलिब्रिटी असेंट. दोन्ही सात रात्री, दोन्ही भूमध्य समुद्रात. उद्या रात्रीपर्यंत नक्की करू. आपण नऊ जण, उशीर केला तर केबिन एकीकडे एक आणि दुसरीकडे दुसरी अशा मिळतील.

वहिनी: मुलांनी वर्ल्ड युरोपाची ती अकरा डेक उंच घसरगुंडी पाहिलीय. तेव्हापासून दुसरं नावच नाही.

काका: मला असेंट बरी वाटते. फोटोत नीटनेटकी दिसते आणि लहान आहे. वर्ल्ड युरोपा २,१५,८६३ टन, असेंट १,४०,६००. एवढ्या अजस्र बोटीवर नुसती गर्दी असणार.

मी: काका, तो आकडा वजनाचा नाही. ग्रॉस टनेज म्हणजे बोटीच्या आत एकूण किती बंदिस्त जागा आहे त्याचं माप. त्यामुळे तो माणसांनी भागून बघायचा, तरच गर्दीचा अंदाज येतो. वर्ल्ड युरोपावर २,६२६ केबिन आहेत. केबिनला दोन धरले तर माणशी साधारण ४१ येतात. असेंटवर तसेच धरून ३,२६० प्रवासी, माणशी ४३. म्हणजे वाट्याला येणारी जागा जवळजवळ सारखीच. फक्त हा हिशेब केबिनमागे दोघांचा आहे. शाळांच्या सुट्टीत एकेका केबिनमध्ये तिघं-चौघं असतात, आणि वर्ल्ड युरोपावर जास्तीत जास्त ६,७६२ माणसं मावतात. आपण जाणार सुट्टीतच. तेव्हा तुमचं म्हणणं अगदीच चूक नाही.

काका: बरं. पण चालायला तरी लहान बोटीवर कमी लागेल ना? आईचे गुडघे लक्षात घे.

मी: तिथंच फसायला होतं. वर्ल्ड युरोपाची लांबी ३३३ मीटर, असेंटची ३२७. फरक सहा मीटरचा! वर्ल्ड युरोपा रुंद आहे, ४७ मीटर, म्हणून ती एवढी मोठी भरते. आजीला केबिनपासून जेवणाच्या हॉलपर्यंत दोन्हीकडे सारखंच चालावं लागेल. केबिन बोटीच्या मध्यावर, लिफ्टजवळ घेतली की झालं. मध्यावर बोट डोलतेही कमी, पुढच्या टोकाला सगळ्यात जास्त.

आत्या: आणि केबिनच्या डोक्यावर काय आहे तेही बघा ग. मागच्या वेळचं विसरलात का?

मी: विसरेन कशी आत्या. (वहिनी, तुम्ही तेव्हा नव्हतात.) दुसरीच बोट होती, आमची केबिन बरोबर पूलच्या डेकखाली. पहाटे पाच वाजता वर आरामखुर्च्या ओढायला सुरुवात व्हायची. खर्र... खर्र... एकेक खुर्ची, पूलच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. आईला सात दिवसांत एक रात्र नीट झोप लागली नाही. म्हणून माझा एकच आग्रह आहे, वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असलेला डेक घ्यायचा. नाट्यगृह, स्वयंपाकघर, पूल काहीही वर नको. डेकचे नकाशे दोन्ही कंपन्यांच्या साइटवर आहेत. दादा, एकावर एक ठेवून बघ.

दादा: बघतो. पण बोट कोणती ते तर ठरू दे.

वहिनी: असेंटवर मुलांसाठी काही आहे का नाही?

मी: मुलांचा क्लब आहे, पण पाण्याच्या घसरगुंड्या नाहीत. ती बोट मोठ्या माणसांना डोळ्यासमोर ठेवून बांधलीय. शांत कोपरे, मागच्या बाजूला काचेचा मोठा हॉल, समुद्राकडे तोंड करून बसायच्या जागा. वर्ल्ड युरोपावर पाण्याचा पार्क आहे, टकरा मारायच्या गाड्या आहेत आणि ती कोरडी घसरगुंडी. तिला उंचीची अट असते, तेव्हा धाकट्याला आधी मोजून घ्या. तिथं जाऊन रडारड नको.

काकू: मला एक विचारायचंय. ती इटलीत आडवी झालेली बोट मनातून जात नाही. एवढी माणसं, वेळ आली तर सगळी बाहेर कशी पडणार?

मी: काकू, विचारलंत ते बरं केलंत. कोस्टा कॉन्कॉर्डिया, जानेवारी २०१२, जिल्यो बेटाजवळ. ३२ जण गेले. त्या संध्याकाळी बोटीवर चढलेल्या बऱ्याच लोकांना लाइफबोटीचं प्रात्यक्षिकच मिळालेलं नव्हतं, कारण तेव्हाच्या नियमात त्यासाठी २४ तास असायचे. नंतर नियम बदलला. आता ते बोट निघण्याआधी किंवा निघाल्याबरोबर व्हावंच लागतं. दोन्ही बोटींवर आपल्याला आपली जागा दाखवतील. मी तुमच्याबरोबर चालत जाऊन ती जागा दोनदा बघेन. तुमच्या केबिनपासून, जिन्यानं.

काकू: मग ठीक आहे.

दादा: म्हणजे मुलांसाठी वर्ल्ड युरोपा, मोठ्यांसाठी असेंट. आता मतदान घेऊ?

मी: थांब. कालपासून मी बोटीच बघत होते, आज दुपारी पहिल्यांदा बंदरं बघत बसले आणि माझं मत पार बदललं. मीच तुला परवा असेंट म्हणाले होते. आता लांबलचक लिहिते आहे, पण वाचा.

तू पाहिलेली असेंटची फेरी: चिविताव्हेकियाहून निघायचं, मग सांतोरिनी आणि मिकोनोस ही ग्रीक बेटं, तुर्कस्तानातलं कुशादासी, नेपल्स. जाहिरातीत "रोम" लिहिलंय ते हे चिविताव्हेकिया, रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटर. ते एक असो. खरा प्रश्न सांतोरिनीचा आहे. तिथं मोठ्या बोटीला धक्काच नाही. बोट समुद्रात उभी राहते आणि लहान बोटीनं आपल्याला किनाऱ्यावर नेतात. त्याला टेंडर म्हणतात. मोठी बोट स्थिर आणि लहान बोट लाटेवर खालीवर होत असते, मधे एक पाऊल टाकायचं. दोन खलाशी दोन्ही दंड धरतात आणि "आता" म्हटलं की पाय उचलायचा. आपल्याला काही वाटत नाही. आजीच्या उजव्या गुडघ्याला ते एक पाऊल भारी आहे. असेंटवर त्यासाठी सोय चांगली आहे हे खरं. बोटीच्या बाहेरच्या अंगाला वरखाली होणारा एक केशरी मजला आहे, तो पाण्याजवळ आणला की टेंडरमध्ये चढायला ऐसपैस जागा होते. पण पाऊल टाकावं लागतंच. आणि किनाऱ्यावर उतरल्यावर गाव कुठे, तर कड्याच्या माथ्यावर. वर जायला केबल कार, नाहीतर पाचशेच्या वर पायऱ्या. केबल कारच्या रांगेत उन्हात उभं राहायचं, परत येताना पुन्हा तीच रांग.

शिवाय वारा सुटला की सगळ्यात आधी रद्द होतं ते टेंडरचं बंदर. आत्याला आठवत असेल. सकाळी आठ वाजता आम्ही टोप्या घालून, पाण्याच्या बाटल्या भरून तयार, आणि कॅप्टनची घोषणा झाली, लाट जास्त आहे, आज उतरता येणार नाही. ते बेट आम्ही रेलिंगला टेकून पाहिलं. तासाभरानं तेही मागे गेलं.

मिकोनोसला कधी धक्का मिळतो, कधी तिथंही टेंडर.

आता वर्ल्ड युरोपा. जेनोआ, नेपल्स, मेसिना, व्हॅलेटा (माल्टाची राजधानी), एक दिवस समुद्र, बार्सिलोना, मार्से, परत जेनोआ. सगळीकडे बोट धक्क्याला लागते. आजी उतारावरून चालत किंवा व्हीलचेअरवर सरळ जमिनीवर. नेपल्सला धक्का शहराच्या मध्यातच आहे, बाहेर आलं की समोर कास्तेल नुओव्होचे बुरूज. मेसिनाला धक्क्यापासून कॅथेड्रल जवळ आहे, आणि त्याच्या मनोऱ्यावर १९३३ मध्ये बसवलेलं यांत्रिक घड्याळ आहे. दुपारी बाराला त्यातला सिंह डरकाळी फोडतो, कोंबडा आरवतो, एकामागून एक सोनेरी मूर्ती हलायला लागतात. चौकात खुर्ची टाकून बसलं की सगळं दिसतं. आजीला यापेक्षा काय हवं? आणि व्हॅलेटाला धक्क्याजवळून थेट तटबंदीवरच्या बागेत नेणारी लिफ्ट आहे, ५८ मीटर उंच, २०१२ पासून चालू. ज्या तटावरून अख्खं बंदर दिसतं तिथं आजी एकही पायरी न चढता पोचेल.

वहिनी: हे कुणीच बघितलं नव्हतं.

मी: बोटीच्या साइटवर बंदराचं नुसतं नाव आणि एक फोटो असतो. धक्का की टेंडर हे बारीक अक्षरात, किंवा एखाद्या खुणेनं.

काका: मार्सेचं काय? मी ऐकलंय धक्का गावापासून लांब पडतो.

मी: हो, जुन्या बंदरापासून बराच लांब आहे, बसनं जावं लागतं. त्या दिवशी आजीनं बोटीवरच राहावं, मी थांबेन तिच्याबरोबर. सगळे उतरले की बोट मोकळी असते, तो दिवस मला फार आवडतो.

पण या बोटीची कमी बाजूही सांगते. एमएससीच्या या फेरीत प्रत्येक मोठ्या बंदरावर काही लोक उतरतात, काही चढतात. त्यामुळे रोज कुठे ना कुठे सामानाच्या बॅगा, रोज नवीन चेहरे, आणि घोषणा चार-पाच भाषांत. असेंटवर सगळे एकदम चढतात, बोट आठवडाभर एका लयीत असते. दुसरं, असेंटच्या बऱ्याच केबिनमध्ये बाल्कनी वेगळी नसतेच. बटण दाबलं की खोलीच्या टोकाची काच अर्ध्यावर खाली येते आणि खोलीचीच बाल्कनी होते. मधे उंबरा नाही. वर्ल्ड युरोपाच्या बाल्कनीला दाराशी उंबरा असणार, आजीला तिथं सांभाळावं लागेल. हे मला खरोखर असेंटचं आवडलं होतं.

आत्या: उंबऱ्याचं मी बघते. मी आईच्याच केबिनमध्ये आहे.

दादा: पैशांचं?

मी: तिकिटाचे आकडे तुझ्याकडे आहेतच. फक्त रोजचा माणशी सर्व्हिस चार्ज, इंटरनेट आणि पेयं कशात धरलीत ते दोन्हीकडे ओळ न् ओळ वाच आणि मग तुलना कर. नऊ जणांचा सात दिवसांचा सर्व्हिस चार्ज म्हणजे ६३ वेळा तो आकडा.

काका: माझं मत बदललं. वर्ल्ड युरोपा. पण सकाळच्या न्याहारीला मी सगळ्यांच्या आधी जाणार, गर्दी नको.

काकू: मी यांच्याबरोबर. वर्ल्ड युरोपा.

वहिनी: मुलं नाचतायत इथं.

आजी: (आवाजी संदेश, आत्यानं लिहून काढला) "तुम्ही सगळे माझ्या गुडघ्यांचाच विचार करताय, बरं वाटलं. पण मार्सेला माझ्यासाठी कुणी थांबायचं नाही. मी एकटी बोटीवर बसेन, पुस्तक घेऊन. मला बाल्कनी पाहिजे, काचेतून समुद्र नको. आणि ते माल्टाचं बंदर बोट आत जाताना बघण्यासारखं असतं असं तुमचे आजोबा म्हणायचे, त्यांनी चित्रात पाहिलं होतं. ते चुकवायचं नाही."

मी: आजी, आजोबा बरोबर म्हणायचे. ग्रँड हार्बरमध्ये बोट शिरते तेव्हा दोन्ही बाजूंना मधाच्या रंगाच्या दगडी भिंती इतक्या जवळ येतात की तटावरची माणसं हात हलवताना दिसतात.

दादा: वर्ल्ड युरोपा ठरलं. पाच बाल्कनी केबिन, मध्यावर, वर-खाली केबिनच. आत्ता नकाशा उघडलाय. व्हॅलेटाला शिरताना बोटीची कोणती बाजू चांगली?

मी: एक बाजू धरू नकोस. शहर एका अंगाला, तीन जुनी गावं दुसऱ्या अंगाला, दोन्ही बघण्यासारखं. त्या वेळी आपण आजीला घेऊन वरच्या उघड्या डेकवर पुढच्या कठड्याशी जाऊ. लिफ्टमध्ये तेव्हा गर्दी होते, म्हणून अर्धा तास आधी निघायचं. तिची घडीची खुर्ची मी उचलते.

आजी: (आवाजी संदेश) "शालही घे. सकाळी वारा असतो."