झोपलेला घरचा संगणक बाहेरून जागा करणे: सुरुवातीची काही मिनिटेच का जमते?

प्रश्न (जागता_पहारा):
नमस्कार. माझा घरचा डेस्कटॉप केबलने राउटरला जोडलेला असून त्यावर विंडोज १० आहे. बायॉसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) वेक-ऑन-लॅन, म्हणजे नेटवर्कवरून संगणक जागा करण्याची सोय, चालू केले आहे आणि संगणकाला जागे करण्याची मुभा डिव्हाइस मॅनेजरमधून नेटवर्क कार्डाला दिली आहे. घरच्या वाय-फायवर असताना फोनमधल्या अ‍ॅपवरून जागे करणारे 'मॅजिक पॅकेट' पाठवले की संगणक लगेच उठतो, मग तो पाच मिनिटे झोपलेला असो वा रात्रभर. बाहेरूनही जमावे म्हणून राउटरवर यूडीपी पोर्ट ९ संगणकाच्या १९२.१६८.१.२० या पत्त्याकडे फॉरवर्ड केले, म्हणजे बाहेरून त्या क्रमांकाच्या दारावर येणारी पॅकेटे संगणकाकडे वळवली. मोबाइल डेटावरून पाहिले, तर नुकताच झोपलेला संगणक उठतो. पण पंधरा-वीस मिनिटे उलटली की कितीही पॅकेटे पाठवली तरी ढिम्म हलत नाही. सेटिंग चुकले असते तर ते एकदाही चालायला नको होते. मग मध्येच काय बिघडते?

उत्तर १ (केबलवाला):
विंडोजचे फास्ट स्टार्टअप (संगणक लवकर सुरू व्हावा म्हणून असलेली सोय) बंद करून पाहावे. बायॉसमध्ये ईआरपी नावाचा वीजबचतीचा पर्याय चालू असेल, तर तोही बंद करावा, कारण त्यामुळे संगणक बंद असताना नेटवर्क कार्डाची वीजच तुटते.

उत्तर २ (पाकीटमार):
वरील दोन्ही सूचना पूर्ण बंद केलेल्या संगणकासाठी योग्य आहेत. परंतु आपला संगणक स्लीपमध्ये असतो आणि घरातून रात्रभरानंतरही उठतो, म्हणजे कार्ड व वीज दोन्ही ठीक आहेत. दोष राउटरच्या स्मरणशक्तीत आहे.

मॅजिक पॅकेट म्हणजे एफएफ हा बाइट सहा वेळा आणि त्यापुढे संगणकाचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) सोळा वेळा, असा एकूण १०२ बाइटांचा मजकूर. मॅजिक पॅकेट ओळखताना झोपलेले कार्ड केवळ हा नमुना पाहते, त्यामुळे पोर्ट ७ असो की ९, त्याला सोयरसुतक नसते. गंमत अशी की पाकिटात मॅक पत्ता सोळा वेळा लिहिलेला असूनही राउटर आत डोकावून पाहत नाही. त्याला फक्त १९२.१६८.१.२० हा आयपी पत्ता दिसतो, आणि त्या आयपीचा मॅक कोणता हे तो आपल्या एआरपी तक्त्यात शोधतो. संगणक झोपल्यावर काही मिनिटांनी ती नोंद पुसली जाते, मग राउटर नेटवर्कभर "हा पत्ता कोणाचा?" अशी हाक देतो, पण ज्याने ओ द्यायची तोच झोपलेला असतो, आणि पॅकेट तिथेच टाकून दिले जाते. घरातले अ‍ॅप मात्र सहसा ब्रॉडकास्ट करते, म्हणजे सर्वांनाच हाक मारते, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही.

सर्वांत पक्का उपाय म्हणजे राउटरमध्ये त्या आयपीची कायमची एआरपी नोंद करणे, मात्र घरगुती राउटरांमध्ये ही सोय क्वचितच दिसते. पोर्ट थेट १९२.१६८.१.२५५ या ब्रॉडकास्ट पत्त्याकडे वळवणेही अनेक राउटर नाकारतात, आणि त्याला कारण आहे: अशा ब्रॉडकास्टचा वापर करून स्मर्फ हल्ले (एका हाकेला अनेक संगणकांची उत्तरे उठवून ती एकाच बळीवर लोटणे) होऊ लागल्यावर १९९९ च्या आरएफसी २६४४ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजाने ते मुळातच बंद ठेवण्याचा दंडक घातला. तिसरा मार्ग आपल्या हातात असू शकतो. कार्डाच्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये एआरपी ऑफलोड हा पर्याय असल्यास तो चालू करावा, म्हणजे संगणक झोपलेला असतानाही कार्ड स्वतःच राउटरच्या हाकेला ओ देते.

उत्तर ३ (उंबरठा):
पोर्ट उघडे ठेवण्याबद्दल माझा थोडा आक्षेप आहे. मॅजिक पॅकेटला सहसा पासवर्ड नसतो. ज्याला मॅक पत्ता ठाऊक, तो संगणक उठवू शकतो. नुसते उठवून कोणी फार काही बिघडवणार नाही, पण त्याच ओघात लोक रिमोट डेस्कटॉपचे पोर्टही उघडून ठेवतात, आणि खरा धोका तिथे असतो. त्यापेक्षा घरात सतत चालू राहणारा रास्पबेरी पाय (एक छोटा, स्वस्त संगणक) ठेवून त्यावर वायरगार्ड (बाहेरून घरच्या नेटवर्कपर्यंत सुरक्षित बोगदा तयार करणारी व्हीपीएन प्रणाली) चालवावे आणि जागे करण्याची आज्ञा त्याच्यावर लॉग-इन करून द्यावी. फोनवरून बोगद्यातून थेट ब्रॉडकास्ट करण्याचा प्रयत्न करू नये, कारण वायरगार्ड फक्त आयपी पॅकेटे वाहते आणि ब्रॉडकास्ट पलीकडच्या लॅनवर उतरत नाही.

प्रश्नकर्ता (जागता_पहारा):
राउटरचा एआरपी तक्ता उघडून बसलो. संगणक झोपवल्यावर बाराव्या मिनिटाला .२० ची ओळ डोळ्यांदेखत नाहीशी झाली. कायमच्या नोंदीची सोय माझ्या राउटरमध्ये नाही. मात्र कार्डात एआरपी ऑफलोड सापडले, तेही बंद होते. ते चालू केल्यावर आज सकाळी आठ तास झोपलेला संगणक मोबाइल डेटावरून पहिल्याच पॅकेटला उठला.

एक नवी तक्रार मात्र आहे: परवा रात्री तीन वाजता तो आपणहूनच उठून बसला होता. संगणक शेवटचा कशामुळे उठला हे सांगणाऱ्या पॉवरसीएफजी लास्टवेक या विंडोजच्या आज्ञेने नेटवर्क कार्डाकडेच बोट दाखवले.

उत्तर २ (पाकीटमार):
कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबमध्ये केवळ मॅजिक पॅकेटनेच जागे होऊ देण्याची चौकट आहे, तिथे खूण करावी. ती नसेल तर नेटवर्कवरील इतर काही ठरावीक पॅकेटांनीही संगणक उठतो.

प्रश्नकर्ता (जागता_पहारा):
खूण केली. दोन रात्री तो निवांत झोपला आणि दोन्ही सकाळी बाहेरून उठला. पोर्ट ९ मात्र अजून उघडेच आहे. रास्पबेरी पाय बसवला की ते बंद करीन.