फ्लेमिंगच्या बशीत नशीब नेमकं किती?

अलेक्झांडर फ्लेमिंगला पेनिसिलिन हे जिवाणू मारणारं औषध सापडलं, ते "निव्वळ नशीब" असं कुणीतरी म्हटलंय. अर्धंच खरं आहे ते.

प्रयोगशाळेतल्या बशीत जिवाणूंची पूर्ण वाढ झाल्यावर पेनिसिलिन बनवणारी पेनिसिलियम बुरशी टाकली, तर बघण्यासारखं काही घडत नाही. पेनिसिलिन वाढत्या जिवाणूंची पेशीभित्तिका (पेशीभोवतीची भिंत) नीट बनू देत नाही. वाढ थांबलेल्यांवर त्याचा जोर चालत नाही. म्हणजे बुरशी आधी वाढायला हवी, जिवाणू नंतर. बुरशीला साधारण २० अंश सेल्सिअस मानवतं, फ्लेमिंगच्या बशीतल्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूंना ३७. फ्लेमिंगने १९२८ मध्ये सुट्टीवर जाताना बशा टेबलावरच सोडल्या. लंडनमध्ये आधी गारवा होता, मग उकाडा आला. जिवाणूशास्त्रज्ञ रोनाल्ड हेअर यांनी पुढे हाच क्रम जुळवून तोच परिणाम मिळवला.

इथवर नशीब. बुरशीभोवतीचं मोकळं कडं पाहून ती वेगळी वाढवणं आणि गाळलेला द्रव निरनिराळ्या जिवाणूंवर तपासणं, हे नशीब नव्हे.

न चिकटणाऱ्या तव्यांवर असतं त्या टेफ्लॉनचंही तसंच. १९३८ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॉय प्लंकेटच्या वायूच्या नळकांड्यातून वायू येईना, पण वजन भरलेल्या नळकांड्याइतकंच. कापल्यावर आत पांढरी भुकटी! वजन केलं नसतं, तर गळती समजून ते भंगारात गेलं असतं.

म्हणून फसलेला नमुना लगेच टाकू नका. आधी फोटो, तारीख, तापमान आणि रसायनाचा बॅच क्रमांक टिपा, थोडा भाग राखून ठेवा, मग एका वेळी एकच घटक बदलून प्रयोग पुन्हा करा. पुन्हा तसं झालंच नाही, तर आधी भेसळीचा किंवा मोजमापातल्या चुकीचा संशय घ्या.