एम.एस्सी. म्हणजे बी.एस्सी.चीच आणखी दोन वर्षं?

बाळीवेसकर : धाकट्या भावाची बी.एस्सी. झाली. म्हणतो, "एम.एस्सी. म्हणजे तेच, फक्त पुस्तकं जाड." मला नाही पटत. बी.एस्सी.ला आमचं प्रॅक्टिकल म्हणजे सीनियरची जर्नल. उत्तर काय यायला हवं ते आधीच ठाऊक, मग रीडिंग हळूच तिकडं सरकवायचं. एम.एस्सी.ला (मायक्रोबायोलॉजी) प्रोजेक्ट होता: चादरीच्या ॲझो रंगाचं पाणी जिवाणूंनी फिकं होतं का? तीन फ्लास्क, कल्चर एकच. दोन ओट्यावर, तिसऱ्याला जागा नाही म्हणून शेकरवर (फ्लास्क सतत हलवणारं यंत्र). ओट्यावरच्या दोन्हींतला रंग गेला. शेकरवरचा फ्लास्क जिवाणू वाढून गढूळ झाला, पण लाल तो लालच. मॅडम एवढंच म्हणाल्या, "का?" आठ दिवस डोकं खाल्लं. हलवल्यानं पाण्यात हवा मिसळत होती, आणि ऑक्सिजन असला की ॲझो बंध (रंगाच्या रेणूतला नायट्रोजनचा जोड, ज्यानं रंग दिसतो) तुटायचं काम अडतं. बी.एस्सी.त असतो तर तिसरं रीडिंग खोडलं असतं.

शेंगाचटणी : तुम्हाला मॅडम चांगल्या भेटल्या, एवढाच याचा अर्थ. माझं एम.कॉम. ऐका. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात झेरॉक्सच्या दुकानात रांग. प्रोजेक्टला 50 प्रश्नावल्या, त्यातल्या 30 मीच भरल्या, वेगवेगळ्या पेनांनी. व्हायव्हाला प्रश्न एकच: "बायंडिंग कुठं केलं?" कॉलेजचं नाव घेत नाही.

बाळीवेसकर : मग तुम्ही बी.कॉम.च दोन वर्षं लांबवलं की ओ! आता नव्या शैक्षणिक धोरणात एम.ए., एम.कॉम.लाही रिसर्च मेथडॉलॉजी आहे.

शेंगाचटणी : तिच्याही नोट्स मिळतात. हव्यात?

माळरान : दोघांचंही अर्धवट वाटतं. आमच्या सरांनी एस.वाय.लाच सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर नेलं. सुतळीनं एक मीटरचा चौकोन आखायचा, आतलं गवत जातीनुसार मोजायचं. "नाव येत नसेल तर 'माहीत नाही' लिहा, शेजारच्याचं बघू नका." दुपारपर्यंत माझ्या वहीत सात वेळा 'माहीत नाही'. हे पदवीलाच झालं. आणि आता चार वर्षांची ऑनर्स केली की पीजी एकाच वर्षाची, संशोधन चौथ्या वर्षातच येऊ शकतं. मग रेघ कुठं ओढणार?

बाळीवेसकर : चौथ्या वर्षाचं मान्य. पण एस.वाय.ला गवत सरांनी मोजायला लावलं. काय मोजायचं हे तुम्ही ठरवलं नव्हतं. मी तिथंच रेघ ओढतो.

शेंगाचटणी : एम.कॉम.ला विषय मलाही सरांनीच यादीतून दिला होता. भावाला सांगा, फॉर्म भरायच्या आधी डिपार्टमेंटात जाऊन मागच्या वर्षीचे चार प्रोजेक्ट उघडून बघ. चारींचे निष्कर्ष सारखेच निघाले तर चहा पिऊन परत ये.