नाशिकच्या गंगापूर रोडच्या कॉलनीत सात मजले आणि खाली गाळे : हरकत घ्यावी की नाही?

गोदाकाठ : परवा इथे एकाने लिहिले की, गंगापूर रोडच्या बंगलेवाल्यांना स्वतःचे छप्पर मिळाले की शहराची वाढ नकोशी होते आणि आमच्या कोपऱ्यावर येऊ घातलेल्या सात मजली इमारतीला होणारा विरोध ही निव्वळ पोटदुखी आहे. याला सविस्तर उत्तर देणे भाग आहे. आमची मलवाहिनी बंगल्यांच्या हिशेबाने टाकलेली आहे. जोराचा पाऊस झाला की कोपऱ्यावरच्या चेंबरचे झाकण उचलले जाते आणि ते काळे पाणी माझ्या फाटकातून तुळशीपर्यंत येते. एका कुटुंबाच्या जागी सात मजल्यांची बिऱ्हाडे आणि खाली गाळे येणार असतील, तर आधी वाहिनी बदला आणि मग मजले चढवा, ही आमची पहिली हरकत; अग्निशमन दलाचा बंब या रस्त्यात वळत नाही, ही दुसरी. गोदेला 2008 मध्ये महापूर आला, त्यानंतर निळ्या आणि लाल पूररेषेची, म्हणजे पुराचे पाणी कुठवर येते ते दाखवणाऱ्या रेषांची, चर्चा सुरू झाली. तोवर काठावर बांधायचे ते बांधून झाले होते. तोच उलटा क्रम पुन्हा गिरवायचा आहे काय?

सातपूरकर : ते लिहिणारा मीच. मलवाहिनीची काळजी आपल्याला दर पावसाळ्यात वाटते, की शेजारी इमारत उभी राहणार म्हटल्यावरच? वडील अंबडच्या कारखान्यात निवृत्त झाले, मी सातपूरला नोकरी करतो आणि आजही आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. कॉलेज रोडही एके काळी बंगल्यांचाच होता. आज त्याच रस्त्यावरच्या दुकानांत आपली दिवाळीची खरेदी होते, तेव्हा तिथल्या गाळ्यांवर हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही. शहराच्या आत घरे बांधू द्यायची नाहीत आणि बाहेर मखमलाबादकडे द्राक्षबागा तुटल्या की हळहळायचे, हे दोन्ही एकदम चालणार नाही.

मळेकरीण : द्राक्षबागांची हळहळ करणाऱ्यांनी एखाद्या वर्षी गारपिटीनंतर बागेत येऊन उभे राहावे. आमच्या भावकीने जमीन विकली ती हौसेने नव्हे. तुमच्या गच्चीतून हिरवे दिसावे म्हणून आम्ही कर्ज का वाहायचे?

कपाटग्रस्त : मजले सात की चार, हा वाद दुय्यम आहे, भोगवटा दाखला, म्हणजे बांधकाम मंजुरीप्रमाणे झाले असून राहायला हरकत नाही असा महापालिकेचा कागद, मिळेल का, हे आधी विचारा. नाशिककरांना कपाटांचा घोळ सांगायला नको. माझ्या शयनगृहात नकाशाप्रमाणे दोन फूट खोल कपाट होते, ज्याचे क्षेत्र चटईक्षेत्रात, म्हणजे मंजूर बांधकामाच्या मापात, धरलेले नव्हते. बिल्डरने मधली भिंत पाडून ते खोलीत घेतले, वाढलेल्या खोलीचे पैसे माझ्याकडून घेतले, आणि तपासणी कडक झाल्यावर दाखला अडकला. आजही त्या जागी फरशीचा रंग वेगळा आहे, पलंग तिथे लावला तरी तो पट्टा लपत नाही. मुलीच्या शिक्षणासाठी घर विकायला काढले, तर गिऱ्हाईक बँकेत जाऊन येते आणि पुन्हा फोन उचलत नाही.

निवृत्त अभियंता : सहानुभूती आहे, परंतु खोली नकाशापेक्षा मोठी मिळते आहे हे आपल्यालाही दिसत होते.

कपाटग्रस्त : म्हणजे दोष माझा! नकाशा वाचण्याचे शिक्षण मी घेतलेले नाही, आपण घेतले आहे आणि त्यावर निवृत्तिवेतनही घेत आहात. खोलीत टेप धरून उभे राहण्याचे काम ज्यांचे होते, त्यांना हा प्रश्न कधी विचारलात काय?

निवृत्त अभियंता : वैयक्तिक होऊ नये. मुद्दा असा की, हा घोळ सोडवण्यासाठी जी तोड निघाली, तिचा या कॉलनीशी थेट संबंध आहे. सहा मीटरच्या रस्त्यालगत दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर जागा सोडायची, रस्ता नऊ मीटरचा धरायचा आणि त्यावर वाढीव बांधकाम नियमात बसवायचे, अशी ती तोड होती. महापालिका अधिनियमाच्या कलम 210 खाली रस्त्याची रेषा अशी ठरवता येते. गोदाकाठ यांनी आपल्या फाटकासमोरचा रस्ता मोजून पाहावा.

गोदाकाठ : मोजला. कुंपण ते कुंपण सहा मीटर आणि वर चार बोटे. म्हणजे कागदावरचे नऊ मीटर दाखवून सात मजले मंजूर होणार, हे आपणच सिद्ध केलेत, आभारी आहे.

सातपूरकर : आणि उरलेले तीन मीटर कोणाच्या बागेत आहेत? बिल्डर आपल्या बाजूचे दीड मीटर सोडतो आहे असे त्याच्या फलकावरचा नकाशा सांगतो. बंगल्यांच्या भिंती मात्र जागच्या जागी आहेत. अग्निशमन दलाचा बंब वळत नाही, ही आपली दुसरी हरकत होती ना? तो आपल्याच जास्वंदीपाशी अडतो.

गोदाकाठ : जास्वंद काढायला मी तयार आहे, एवढे मोठे मन आम्हा पोटदुख्यांकडे आहे. मात्र त्या सोडलेल्या जागेत गाळ्यांच्या गिऱ्हाइकांच्या गाड्या लागणार नाहीत, याची हमी कोण देणार? मागच्या गल्लीतल्या इमारतीत तळमजला वाहनतळ म्हणून मंजूर झाला, आता तिथे तीन शटर आहेत आणि रहिवाशांच्या स्कूटर माझ्या भिंतीला टेकतात.

सातपूरकर : वाहनतळाचा मुद्दा मला मान्य आहे, नाइलाजाने. हरकत त्यावर आणि मलवाहिनीवर घ्या, सही मी सुद्धा करीन. मजल्यांवर घ्याल, तर विरोधात अर्ज देईन.

मळेकरीण : मलवाहिनी नवी टाकलीत तरी तिचे पाणी शेवटी कुठे सोडणार, तेही त्या अर्जात लिहा. खालच्या अंगाला आम्ही राहतो.

कपाटग्रस्त : आणि त्या सात मजल्यांच्या नकाशात कपाटे आहेत का, हे अजून कोणीच सांगितलेले नाही.