डोक्यातली वटवट कधी, कशाने थांबली? तुमचे अनुभव लिहा

मंडळी, मन शांत ठेवा, फोन बाजूला ठेवा, वर्तमानात जगा हे सगळ्यांनी ऐकलेलं आहे. मला प्रत्यक्ष हकिगती हव्या आहेत. भाजी चिरताना उद्याचा हिशेब, हिशेब करताना परवाचं भांडण, आणि भांडण आठवता आठवता हातात फोन कधी येतो ते कळतही नाही. अशी गत घरोघरी आहे. ही वटवट तुमच्या बाबतीत कशाने थांबली? थोडाच वेळ थांबली असली तरी लिहा. बसून, चालून, हाताने काही करून, डॉक्टरांकडे जाऊन, जसं घडलं तसं सांगा. जमलं नसेल तर तेही सांगा, कारण ज्याला जमत नाही त्याला आपल्यातच खोट आहे असं वाटत राहतं आणि तो गप्प बसतो.

नाशिक, बँकेत नोकरी

इगतपुरीच्या धम्मगिरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं, त्याबद्दल लिहितो. सत्यनारायण गोएंका १९६९ साली ब्रह्मदेशातून भारतात येऊन शिकवू लागले, आणि इगतपुरीत १९७६ पासून शिबिरं होतात. फी नाही, राहण्या-जेवणाचेही पैसे नाहीत. शिबिर पूर्ण केल्यावर वाटलं तर दान द्यायचं. सुरुवातीलाच फोन, पुस्तकं, वही-पेन जमा करून घेतात. मग आर्य मौन. बोलायचं नाही, खाणाखुणा नाहीत, नजरानजरसुद्धा टाळायची. पहाटे चारला घंटा होते.

पहिले साडेतीन दिवस फक्त आनापान. श्वास येतोय, जातोय, तेवढं बघायचं. तो लांब करायचा नाही, मोजायचा नाही, त्याला कसलं नाव जोडायचं नाही. नाकपुड्यांच्या खाली आणि वरच्या ओठाच्या वर जी चिमूटभर जागा आहे, तिथे श्वास कुठे लागतो एवढंच. ऐकायला सोपं वाटतं. माझं मन दोन-चार श्वासांपलीकडे टिकत नव्हतं. आणि जायचं तरी कुठे? लहानपणी ऐकलेली साबणाची जाहिरात, शाखेतल्या एका ग्राहकाची अडकलेली कर्जाची फाइल, आणि लग्नात मेव्हण्याने मारलेला एक शेरा. त्या शेऱ्याला मी तिथे बसून नाना तऱ्हेची उत्तरं दिली, एकाहून एक खणखणीत. बाहेरून नवं काही आत येत नाही, म्हणून तळाशी साचलेलं सगळं वर येतं.

पुढे एका दुपारी तोच शेरा पुन्हा आठवला. या वेळी त्याच्याबरोबर जबडा आवळला गेला तोही कळला. मी त्या जबड्याकडे बघत राहिलो आणि उत्तर जुळवायचं राहूनच गेलं. शेरा आला तसा गेला. मला तिथे जे काही मिळालं ते इतकंच, पण ते अस्सल होतं.

दहाव्या दिवशी मौन सुटल्यावर जेवणघरात जो गलका उठला त्याने माझं डोकं ठणकायला लागलं. घरी सकाळ-संध्याकाळ तासभर बसायला सांगतात. माझं सकाळी अर्धा तास होतं, संध्याकाळी होत नाही. शिबिरातली धार टिकलेली नाही. मात्र काउंटरवर कुणी आवाज चढवला की आधी जबडा कळतो, आणि मग तोंडून निघणारं वाक्य जरा बरं निघतं.

फलटण, अंगणवाडी सेविका

दादांनी मौन सांगितलं, मी गलका सांगते.

माउलींच्या पालखीत सासरच्या दिंडीबरोबर चालते. आळंदीहून पंढरपूर, वाट अडीचशे किलोमीटरच्या आसपास. पुणं सोडलं की सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, मग आमचं फलटण. मन शांत व्हायला शांत जागा लागते असं ज्यांना वाटतं त्यांनी दिवेघाटात येऊन बघावं. टाळ, मृदंग, पाण्याचे टँकर, मागून "माउली, सरका, माउली". पण दिंडीत ओळीने चालायचं असतं. पुढच्या बाईच्या टाचेवर पाय पडता कामा नये, पाऊल ठेक्यात हवं, तोंडाने अभंग हवा, आणि चाल बदलली की पाऊलही बदलायचं. पाय, कान आणि तोंड एकदम गुंतली की डोक्याला बोलायला सवडच मिळत नाही. घरी पाच मिनिटं डोळे मिटले तर मला पोषण आहाराचं रजिस्टर दिसतं. घाटात दिसत नाही.

आणखी एक सांगते, ते दिंडीत गेलेल्यांनाच माहीत असतं. संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर समाजआरती होते. सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहतात आणि टाळांचा इतका कल्लोळ असतो की शेजारणीचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार दंड वर करतात आणि "होऽऽ" अशी आरोळी देतात. टाळ थांबतात. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असली, तर ती तेवढी टाळ वाजवतच राहते. तिला कुणी दटावत नाही. चोपदार तिच्याकडे जातात, काय झालं ते विचारतात. पाणी मिळालं नसेल, जागेचा घोळ झाला असेल, जे असेल ते ऐकून घेतात. मग ते टाळही थांबतात. त्यानंतर हरवल्या-सापडल्याच्या वस्तू पुकारायच्या, उद्या किती वाजता निघायचं ते सांगायचं, आणि आरती.

मला ही रीत फार मोलाची वाटते. डोक्यात एकच गोष्ट वाजत राहिली की मी आता तिला गप्प बस म्हणत नाही, चोपदारासारखी जवळ जाऊन विचारते, काय हवंय बाई तुला? बहुतेक वेळा उत्तर साधं निघतं. भूक लागलेली असते, झोप झालेली नसते, नाहीतर कुणाला तरी फोन करायचा राहिलेला असतो.

ठाणे (धागा मीच काढलाय)

ताई, तुमचं हे लिहिणं मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. इतकी वर्षं टीव्हीवर पालखी बघतेय, हे कुणी सांगितलं नव्हतं.

पुणे, सॉफ्टवेअर

माझा अनुभव उलटा आहे आणि तो इथे असायला हवा असं वाटतं.

डोळे मिटून बसलो की मला माझी धडधड ऐकू यायची. मग ती वाढायची, मग आता काहीतरी होणार अशी भीती, मग घाम. मित्र सांगायचे, सोडू नकोस, नेटाने बस. नेटाने बसल्यावर आणखी वाढायचं. शेवटी बायको मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेली. चिंताविकार निघाला. गोळ्या सुरू झाल्या आणि त्यांनीच एका समुपदेशकांकडे पाठवलं.

समुपदेशक ताईंनी मला ध्यान दिलं नाही, "काळजीची वेळ" दिली. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या खुर्चीत, पंधरा-वीस मिनिटं. दिवसभरात काळजी डोकावली की एका ओळीत चिठ्ठीवर लिहायची, घडी घालून खिशात ठेवायची आणि कामाला लागायचं. संध्याकाळी चिठ्ठ्या उघडायच्या. जिच्यावर काही करता येण्यासारखं आहे तिच्याखाली पुढचं काम लिहायचं, उदाहरणार्थ "उद्या अकराला विमा कार्यालयात फोन". जिच्यावर काहीच करता येणार नाही ती नुसती वाचायची. अंथरुणात मात्र हे करायचं नाही. फोनसुद्धा झोपायच्या खोलीबाहेर, गजराला साधं घड्याळ. सकाळी "नोकरी जाणार" म्हणून घाईघाईने लिहिलेली चिठ्ठी संध्याकाळी उघडली की तिच्यातली वाफ बरीचशी गेलेली असते. काही चिठ्ठ्यांची वाफ जात नाही, त्या ताईंकडे घेऊन जातो.

ज्यांना बसल्यावर त्रास वाढतो त्यांना कळकळीने सांगतो, तुमच्यात खोट नाही, वाट वेगळी आहे. शिबिराच्या अर्जात मानसिक आजार आणि चालू औषधं विचारतात, ती खरी लिहा. डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करू नका. कुणाशी बोलायचं ते कळत नसेल तर सरकारची टेली मानस सेवा आहे, १४४१६. मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीतून बोलता येतं.

येवला

पैठणी विणते. पदरावर मोर असला की प्रत्येक रंगाची कांडी वेगळी, आणि ताण्याच्या तारा मोजून ती घालावी लागते. मोजताना घरचा विचार आला की नक्षी सरकते, मग उसवा. त्यामुळे मागावर मन आपोआप ठिकाणावर असतं. मागावरून उठलं की वटवट पुन्हा सुरू. त्यावर माझ्याकडे उपाय नाही, आहे ते लिहिलं.

कोल्हापूर, फिजिओथेरपिस्ट

श्वासाबद्दल थोडं लिहितो, कारण पेशंटना हेच शिकवतो.

मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी बघा आणि सावकाश श्वास घ्या. घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना किंचित मंदावतात. निरोगी शरीरात हे असंच चालतं. श्वास सोडताना व्हेगस या मज्जातंतूचा हृदयावरचा लगाम जास्त ओढला जातो. म्हणून सोडणं लांबवलं की शरीर सैलावतं. बसल्या जागी आपण मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. चार अंक मोजत घेतला आणि सहा अंक मोजत सोडला की ते सहावर येतात. पाच मिनिटं पुष्कळ. विचार येऊ देत, अंक सुटला की पुन्हा एकपासून. दमा, रक्तदाब, गरोदरपण असेल तर श्वास रोखून धरण्याचे प्रकार मनाने करू नका, आणि चक्कर आली तर थांबा. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं ते प्राणायाम आणि आसनं प्रयोगशाळेत तपासायलाच. तेव्हा यात गूढ काही नाही, सराव आहे.

डोंबिवली

सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे. दिवसभर एकच प्रश्न, "हे आले का गं?" मामंजींना जाऊन वर्षं लोटली. खरं सांगितलं तर नव्याने रडतात, म्हणून "येतीलच" म्हणते. मग पुन्हा प्रश्न. त्या झोपल्या तरी माझ्या कानात तो चालूच असतो. डोळे मिटून बसायची सोय आमच्या घरात नाही, डोळे मिटले तर त्या दार उघडून जिन्यात जातात.

मी तांदूळ निवडते. हल्ली पाकिटातले स्वच्छ येतात, तरी मुद्दाम वाण्याकडून सुटे आणते. ताटात पसरायचे आणि एका कडेने बोटाने थोडे थोडे ओढत न्यायचे. खडा इकडे, साळ तिकडे, कणी वेगळी. एक ताट त्यांच्यापुढे ठेवते. माझं नाव त्यांना आठवत नाही, पण बोटं साळ बरोबर टिपतात, माझ्याहून चपळाईने. तेवढा वेळ प्रश्न येत नाही. माझ्याही डोक्यात येत नाही. कधी कधी निवडलेले तांदूळ मी गुपचूप पुन्हा ताटात ओतते.

सांगली, कडेगाव तालुका

एकट्याने फोन बाजूला ठेवून का जमत नाही याचं कारण मला मोहित्यांचे वडगावात कळलं. माझी मावशी तिथली. त्या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून ठरवून टाकलं, संध्याकाळी सातला भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद, साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत. मुलं वह्या काढतात, मोठी माणसं बोलतात किंवा वाचतात.

पहिल्यांदा गेलो तेव्हा माझा हात सारखा खिशाकडे जात होता. मग लक्षात आलं, आपण ठेवून दिला तरी जीव त्या ग्रुपवर असतो, कुणी काय टाकलं असेल, आपलं काय हुकलं असेल. इथे कुणीच काही टाकत नव्हतं, त्यामुळे हुकायचं काही शिल्लकच नव्हतं. आम्ही घरी नवरा-बायको आणि मुलं मिळून जेवणाच्या वेळी तेवढं पाळतो. सगळ्यांनी एकदम, हीच अट. एकाने जरी घेतला तरी बाकीचे चुळबुळायला लागतात.

अकोला, निवृत्त

नाशिककर, शिबिराला यायची इच्छा आहे, पण गुडघे मांडी घालू देत नाहीत. शिवाय मधुमेह.

नाशिक

काका, खुर्ची मिळते, अर्जात लिहा. चौथ्या दिवसापासून दिवसातून तीनदा तासभर न हलता बसायचा प्रयत्न करायचा असतो, तो खुर्चीवरही चालतो. मधुमेहाचं मात्र आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला आणि केंद्राला कळवा. तिथे रात्रीचं जेवण नसतं, अकराला दुपारचं जेवण आणि संध्याकाळी पाचला चहा, फळं वगैरे एवढंच.

डोंबिवली

कोल्हापूरच्या डॉक्टरांना विचारायचं होतं. तुम्ही लिहिलेला चार-सहाचा श्वास सासूबाईंबरोबर करून बघितला. त्यांना अंक धरता येत नाहीत. पण मी तोंड मिटून "हंऽऽ" केलं की त्या लगेच माझ्यामागून करतात, त्यांना भजनाची आवड होती. एवढ्यानेही सोडणं लांबतं का?

कोल्हापूर, फिजिओथेरपिस्ट

लांबतं ताई, भ्रामरी प्राणायामात तेच करतात. अंकांची गरज नाही. बसवूनच करा, आवाज हलका ठेवा, घशावर ताण नको, आणि त्या दमल्या की थांबा. तुम्हीही त्यांच्या जोडीनेच करा, तुमचं वेगळं करायची गरज नाही.