किंमत न मोजणारे सिनेमे

गोदाकाठचा वाचक

मे महिन्यात भाची नाशिकला आली की रात्री गच्चीवर गाद्या टाकायच्या आणि गोष्ट सांगायची, हा आमचा नेम. यंदा लॉइड अलेक्झांडर या अमेरिकन लेखकाची प्रायडेन नावाच्या काल्पनिक देशाची गोष्ट घेतली. १९६४ ते १९६८ मध्ये आलेली ही पाच पुस्तकं माझी फार लाडकी आहेत.

दुसऱ्या पुस्तकात एक काळा हंडा आहे. त्यात मेलेला माणूस टाकला की मुका, न मरणारा सैनिक होऊन उठतो. तो हंडा फोडायचा एकच मार्ग: जिवंत माणसाने आपणहून आत उतरायचं, आणि उतरला की तो गेलाच. शेवटी उतरतो तो एलिडिर. गर्विष्ठ, जळका, ऐन वेळी सोबत्यांशी दगा केलेला राजपुत्र. भाची त्याच्यावर चार रात्री चिडून होती. तो हंड्यात उतरला तेव्हा उशीत तोंड खुपसून रडली.

मग मी हौसेने डिस्नेचा १९८५ चा ‘द ब्लॅक कॉल्ड्रन’ लावला. त्यात एलिडिर नाहीच. हंड्यात उडी मारतो तो गर्गी, केसाळ, लाडिक सोबती. आणि दोन मिनिटांत चेटकिणी त्याला जिवंत करून देतात. भाचीने विचारलं, “मामा, मग मरायचं कशाला होतं?”

गाळलं त्याची तक्रार नाही. मालिकेतली पहिली दोन पुस्तकं ऐंशी मिनिटांत बसवायची तर कात्री लागणारच. पण पुस्तकात गोष्टीचा नायक, तारन नावाचा पोरगा, हंडा मिळवायला मेलेल्या मित्राने दिलेलं पदक देतो. ते पदक जवळ असलं की त्याला स्वप्नांचा, खाणाखुणांचा अर्थ उमगायचा. ते देऊन तो पुन्हा साधा पोरगा होतो. सिनेमात त्याऐवजी तलवार जाते. तलवार गेली तर माणसाच्या आतलं काय जातं? पुस्तक ज्याची किंमत मोजायला लावतं ते सिनेमा फुकट देतो. माझा राग त्यावर आहे.

कॉलेजरोडची

दादा, मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा सहा वर्षांची होते. आजी जाऊन महिना झाला होता आणि घरात कोणी तिचं नाव काढत नव्हतं. गर्गी उठून बसला तेव्हा मला किती बरं वाटलं, ते मी आजही विसरलेले नाही. ते फुकटचं होतं असं तुम्ही म्हणालात तर मला पटणार नाही.

आणि पुस्तकाशी इमान राखलं नाही म्हणजे सिनेमा वाईट, असंही नसतं. डायना विन जोन्सच्या १९८६ च्या कादंबरीवर जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकींनी २००४ मध्ये ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’ केला. पुस्तकातला हाउल मूळचा आपल्या जगातल्या वेल्सचा. सिनेमात ते नाही, उलट मियाझाकींनी युद्ध आणून मध्यभागी ठेवलं. तरी लेखिकेला तो आवडला. तिला चालतं तर आपण का अडून बसायचं?

रेषा-सिडको

मी अ‍ॅनिमेशनमध्ये काम करतो, म्हणून राहवत नाही. सेकंदाला २४ चौकटी. दोन चौकटींना एक चित्र धरलं तरी १२ चित्रं. मागे एका जाहिरातीसाठी पणतीची ज्योत केली, फक्त तीन सेकंद. ३६ चित्रं. ज्योत टोकाला दुभंगून परत जुळते ते जमेना, म्हणून रात्री देवघरात पणती लावून मोबाइलवर शूट केलं आणि एकेक चौकट थांबवून पाहिली. जाहिरात आली तेव्हा ती ज्योत कापलेली होती. आपल्या त्र्यंबकचे दादासाहेब फाळके शंभर वर्षांपूर्वी आगकाड्या एकेक सरकवून चित्रित करत होते. ती चिकाटी या धंद्यात आजही लागते.

‘ब्लॅक कॉल्ड्रन’वर लोकांनी वर्षानुवर्षं काम केलं, आणि शेवटी स्टुडिओच्या नव्या प्रमुखाने, जेफ्री कॅट्झनबर्गने, त्यातली सुमारे १२ मिनिटं कापायला लावली. राल्फ बक्षीचा १९७८ चा ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ पाहा. खरे नट चित्रित करून त्यावर रेषा ओढलेल्या. गोष्ट टॉल्किनच्या तीन पुस्तकांतल्या दुसऱ्याच्या मध्येच तुटते. पण वितरकांनी नावात ‘भाग पहिला’ लिहूच दिलं नाही, आणि दुसरा भाग बक्षीच्या हातून झालाच नाही. लोक चिडले ते चित्रकारांवर.

गोदाकाठचा वाचक

रेषा, चित्रकारांना मी बोल लावलेला नाही. हंड्यातून मुडदे उठतात तो प्रसंग आजही अंगावर येतो. पण गर्गीला उठवणं ही कात्री नव्हे, ते मुद्दाम जोडलेलं आहे.

हेच २००६ च्या ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’ या सिनेमाचं. अर्सुला ले ग्विनच्या तिसऱ्या पुस्तकात गेड हा जादूगार जन्ममृत्यूमधली फट बुजवायला आपली सगळी जादू खर्ची घालतो आणि कायमचा रिता होतो. सिनेमात कॉब नावाचा खलनायक मारला की प्रश्न मिटला. त्याचे दिग्दर्शक गोरो मियाझाकी, म्हणजे हायाओंचे चिरंजीव, यांना भेटल्यावर लेखिका म्हणाली होती की हे माझं पुस्तक नाही, तुमचा सिनेमा आहे, आणि चांगला आहे. पण नंतर तिने लिहिलं ते नेमकं हेच: दुष्टपणा बाहेरच्या एका माणसात घातला आणि त्याला मारून मोकळे झाले.

मुलांना झेपत नाही म्हणावं, तर १९७८ चा ‘वॉटरशिप डाउन’ आहे. ससे मरतात, नायकही शेवटी मरतो, आणि कोणी परत येत नाही. चित्रांतूनच दाखवलंय ते.

निवृत्त मास्तर, पंचवटी

बाळ, आपल्या तात्यासाहेब शिरवाडकरांनी ‘नटसम्राट’ लिहिताना लिअर राजा घेतला. राज्य नाही, तीन मुली नाहीत, वेडा विदूषक नाही. सगळं मराठी घरात आणलं. १९७० पासून लोक ते डोक्यावर घेतायत. मग कथानक बदलण्याला तुझा विरोध टिकतो कसा?

गोदाकाठचा वाचक

सर, तुम्ही माझ्याच बाजूचं उदाहरण दिलंत. तात्यासाहेबांनी सगळं बदललं, पण अप्पासाहेब बेलवलकरांना घर परत दिलं नाही. कावेरीला परत आणलं नाही.

निवृत्त मास्तर, पंचवटी

हे मान्य. यावर मला विचार करावा लागेल.

कॉलेजरोडची

मला अजूनही सहा वर्षांची ती मुलगी चुकीची वाटत नाही. तिला त्या दिवशी गर्गी परत हवाच होता. पण एलिडिर मला माहीतच नव्हता, दादा. दुसरं पुस्तक वाचायला द्याल? शनिवारी संध्याकाळी गंगेवर येणार असाल तर मी रामकुंडापाशी थांबते. भाचीलाही आणा.